इबादानचं गिऱ्हाईक

४ ऑगस्ट

आज चारही टाक्यांत जाळं फिरवून वजनं घेतली. मांगूर मासे किलोला टेकले. शेजारचा बाबा टायो मदतीला आला होता. त्याच्याही टाक्या आहेत, फक्त माझ्यासारख्या स्वच्छ नाहीत. दांडगे आणि बारके वेगळे करताना माझा गुडघा भरून आला, पण मी बसले नाही. मी बसले की हा माणूसही बसतो.

"मॅट्रन, आता थांबू नका," तो म्हणाला. "किलोचा मासा म्हणजे लग्नाची मुलगी. घरात ठेवाल तेवढा खर्च."

"तुझ्या तिघी घरातच आहेत, त्यांचं काय ते बघ," मी म्हटलं. मग तो जाळं धुवायला लागला.

पण बोलला ते खरं. मी हिशेब नैराच्या नोटांत करत नाही, नैराचा भाव रोज बदलतो. मी पोत्यात करते. आज खाद्याचं एक पोतं घ्यायला आठ किलो मासा विकावा लागतो. बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, असतात तेव्हा एका पोत्यावर बारा किलो अंगाला लागतं. किलो गाठला की तेच पोतं खाऊन जेमतेम आठ किलो वाढतात. त्यापुढे गेले की सहा. म्हणजे आजपासून मी नुसती वाढपी. खाऊ घालायचं, मिळवायचं काही नाही.

येवांदेचा लागोसहून फोन आला. लेक शेवटी बापाच्या वळणावर गेली, सगळं गोड बोलून करून घेते. "मम्मी, आपलं ठरलंय ना? नाताळपर्यंत तुझ्या माशांनी स्वतःचं पोट स्वतः भरलं तर राहा. नाहीतर इकडे ये. मुलांना शाळेतून आणायला कुणीतरी हवंच आहे." कुणीतरी! आयुष्यभर प्रसूतीच्या वॉर्डात माझ्या पावलांचा आवाज आला की शिकाऊ नर्सा ताठ उभ्या राहायच्या, आणि आता मी कुणीतरी. माझं घर, माझ्या ग्रॅच्युइटीवर बांधलेल्या टाक्या, इथे मला कुणी विचारणारं नाही. मला इथेच राहायचंय. बास.

९ ऑगस्ट

बिसोयेचा फोन. मी नंबर ओळखला नाही म्हणून उचलला.

"ईयाले," ती म्हणाली. धाकट्या बायकोने थोरलीला असंच म्हणायचं असतं, पण तिच्या तोंडून ऐकलं की माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तिची इबादानला तिखट सुपाची खानावळ आहे. गिऱ्हाईक टाकीतल्या जिवंत माशाकडे बोट दाखवतं, ती तोच कापून शिजवते. चालते म्हणे चांगली. "दर आठवड्याला तीन पिंपं मासा हवाय मला. टाकीवरचा भाव देईन."

मी फोन ठेवला. तिनं नवरा नेला तेव्हा भाव विचारला नव्हता. माझे यजमान गबाडेबो, पुलाच्या कामावर म्हणून इबादानला गेले आणि पुढे शनिवारी रात्री येऊन रविवारी चर्च सुटलं की परत जायला लागले. पूल कधीच बांधून झाला होता. आता दोन वर्षांपूर्वी ते गेले. सुतकात आम्ही दोघी एका चटईवर बसलो होतो, तेव्हाही मी तिच्याशी बोलले नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी कुटुंबाची बैठक झाली. इबादानच्या घराचं काय करायचं म्हणून थोरल्या दिरांनी विचारलं, तेव्हाही मी तोंडातून शब्द काढला नाही. कुणाला वाईट बोलले नाही, कुणाला चांगलं बोलले नाही. मूठ झाकलेली बरी.

सवतीला मासा विकण्यापेक्षा मी तो ओढ्यात सोडीन.

२३ ऑगस्ट

पावसाने नदीचा मासा बाजारात आला आणि भाव कोसळला. आता एका पोत्याला दहा किलो. खाद्यवाल्याला म्हटलं, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय हा." तो म्हणाला, "मग कोंबड्या पाळा, मॅट्रन. त्यांचं खाद्यही आहे माझ्याकडे."

बाजारातल्या बाया टाकीवर येऊन नाकं मुरडून गेल्या. इतक्या कमी भावाला देणार नाही म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर अंगणात शांतता झाली. संध्याकाळी खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं होतं. तेवढाच काय तो घरात आवाज.

३ सप्टेंबर

देव आहे. काल रिसी नावाची एक पोरगी खडखडणारी गाडी घेऊन फाटकाशी आली. डोक्याला ओढणी, तोंडात सतत बडबड, हात मात्र कामाचे. तीन पिंपं मासा हवा म्हणाली. मी बाजार पडण्यापूर्वीचा भाव सांगितला, आता घासाघीस होईल म्हणून कंबर कसून उभी राहिले. ती म्हणाली, "ठीक आहे, मा."

ठीक आहे? जो घासाघीस करत नाही त्याचं डोकं ठिकाणावर नसतं किंवा पैसे खोटे असतात. नोटा एकेक उजेडात धरून पाहिल्या. खऱ्या होत्या.

"कुठून आलीस?"

"तिकडून, अबेओकुटाच्या बाजूने. माझ्या मालकिणीची खानावळ आहे."

मासे उपाशी ठेवले नव्हते, म्हणून मी तिला परत पाठवत होते. भरल्या पोटी मासा गाडीत घाण करतो आणि निम्मे मरतात. बाजारातल्या बायांना हे सांगावं लागतं, ही म्हणाली, "मालकीणही हेच म्हणते. मी उद्या येते." दुसरीकडे राहून आज सकाळी खरंच आली. जाताना म्हणाली, "गुडघ्याला शियाचं लोणी लावत जा, मा. गरम करून." मी लंगडताना दिसले असणार.

९ सप्टेंबर

रिसी परत. शियाचा डबा आणि रताळ्यासारख्या याम कंदाचं पीठ आणलं, मालकिणीने दिलं म्हणून. पोत्यावर इबादानच्या गिरणीचा शिक्का होता. पोती काय, कुठूनही कुठे फिरतात. त्याच पिठाचा घट्ट गोळा, अमाला, केला. दोघी जेवलो. पीठ फार चांगलं होतं.

३० सप्टेंबर

रिसी बुधवारी आली की दुपारपर्यंत जात नाही. मासे भरून झाले तरी माझ्या ओसरीवर बसते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आणि दोनदा वाढून घेते. मला विचारत राहते. आज काय खाल्लं, रात्री झोप लागते का, घरातली जुनी आरामखुर्ची कुणाची. त्यांची, म्हटलं. संध्याकाळी ते त्यात बसून रेडिओच्या बातम्यांवर भांडायचे. "आणि मग?" म्हणाली. या वयाच्या पोरींना म्हाताऱ्यांच्या गोष्टींत एवढा रस मी पहिल्यांदाच पाहिला.

तिच्या पैशांवर उरलेल्यांचं खाद्य निघतं. नफा नाही, पण पदरचंही जात नाही. असंच चाललं तर नाताळला येवांदेसमोर मान वर करून उभी राहीन.

बुधवार आता मला आदल्या दिवसापासून आठवायला लागलाय.

१४ ऑक्टोबर

आज रिसीने मालकिणीची हकिगत सांगितली.

बाईला मूलबाळ नाही. नवरा गेला. ज्या घरात तिनं त्याचं आजारपण काढलं, त्याचं अंग पुसलं, बेडपॅन दिलं, त्या घरातून सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. मूल नाही तर हक्क नाही, असं त्यांचं. आता खानावळीच्या मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांशेजारी झोपते, आणि खानावळीचं भाडंही वाढलंय.

"तिच्या बाजूने कुणीच बोललं नाही?" मी विचारलं.

रिसी मासा धरून थांबली. "एक थोरली सवत होती. मोठी मानाची बाई. मोठ्या दिराने तिला तीनदा विचारलं म्हणे, तुझं काय म्हणणं? ती नुसती हो म्हणाली असती, राहू दे तिला, तर कुणाची हिंमत नव्हती. ती बोललीच नाही."

"किती काळीज दगडाचं असावं," मी म्हटलं. "शिवी दिली असती तरी परवडलं असतं. एक शब्द बोलायला काय पैसे पडतात?"

रिसी माझ्याकडे बघत राहिली. मग पिंपाचं झाकण लावायला लागली. म्हटलं, तुझ्या मालकिणीला सांग, मॅट्रनने सांगितलंय, एकदा इकडे ये. चार दिवस राहा, माझ्या हातचं खा. "सांगते," ती म्हणाली. आज जेवली नाही, लवकर गेली.

२८ ऑक्टोबर

दोन टाक्या रिकाम्या झाल्या. मालकीण काही आली नाही. काम असतं म्हणे.

१० नोव्हेंबर

बाबा टायोने आज माझं तोंड काळं केलं, तेही चांगल्या मनाने.

टाकीचं पाणी बदलत होतो. तो म्हणाला, "मॅट्रन, तुम्ही मोठ्या मनाच्या. आमच्या बायका म्हणत होत्या, काही झालं तरी मॅट्रन तिला मासा देणार नाहीत. आणि तुम्ही दर बुधवारी देता."

"कुणाला?"

त्याने हातातला पाइप खाली ठेवला. "बिसोयेला. रिसी तिचीच ना. अख्ख्या ओढ्याकाठाला ठाऊक आहे." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "मला वाटलं, तुम्हालाही."

मी त्याला घरी जा म्हटलं. पाणी तसंच वाहत राहिलं.

११ नोव्हेंबर

रिसीला फाटकातूनच परत पाठवलं. रडायला लागली. "मा, मी खोटं नव्हते बोलत, मला तसं सांगायला—"

"मासे उपाशी ठेवलेले नाहीत," मी म्हटलं. खरं तर ठेवले होते. ती गेल्यावर मी त्यांना दोन पोती खाद्य टाकलं. दोन पोती! राग कुणावर आणि पोट कुणाचं भरलं.

मला हसत असतील दोघी. थोरली स्वतःलाच शिव्या देते, असं म्हणून हसत असतील.

२५ नोव्हेंबर

हरमॅटनचा कोरडा वारा लवकर आला. सकाळी धुळीने सूर्य दिसत नाही, ओठ फुटतात. टाक्या गार पडल्यात, मासे तोंडच उघडत नाहीत. खाद्य वर तरंगतं, मग कुजतं, मग पाणी बदला. उरलेल्या दोन टाक्यांतले सगळे दोन किलोच्या वर गेलेत. एवढा मोठा मासा बाजारातल्या बाया घेत नाहीत. दोन माणसांच्या ताटाला तो जास्त होतो. नाकापेक्षा मोती जड.

बुधवारी दुपारी मी दोन माणसांपुरता कसाव्याच्या पिठाचा एबा मळला. लक्षात आल्यावर अर्धा शेजारच्या कुत्र्याला घातला. मला फार एकटं वाटतं. हे मी कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

३ डिसेंबर

आज पोत्यांचा हिशेब करत बसले होते आणि मध्येच दुसराच हिशेब डोक्यात आला. तो मी इतके दिवस केलाच नव्हता.

इबादानला मासा आमच्याहून स्वस्त आहे. तिथे गल्लोगल्ली टाक्या आहेत. तिने तो सोडून इतक्या खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी पाठवायची, पेट्रोल जाळायचं, पोरीचा दिवस घालवायचा आणि वर मला पावसाळ्याआधीचा भाव द्यायचा. माझ्या प्रत्येक माशावर तिला खोट होती. सुपाच्या वाडग्याला ती काय लावेल, कितीही लावलं तरी बसत नाही. तीनदा मांडून पाहिलं. बसत नाही.

मी माझ्या पोत्याचे किलो मोजत राहिले. समोरच्याचं काय जातंय ते बघितलंच नाही. मग मला ओसरीवरचं माझंच बोलणं आठवलं. एक शब्द बोलायला काय पैसे पडतात. दिरांनी मला तीनदा विचारलं होतं, हे मी या वहीत लिहिलंही नव्हतं. मला लाज वाटली. एवढी, की बाबा टायो हाक मारत आला तेव्हा मी दार उघडलं नाही.

६ डिसेंबर

आज बाबा टायोच्या गाडीत तीन पिंपं मासा घालून इबादानला गेले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारात.

खानावळीत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. टाकी कोरडी. बिसोये पातेल्यांना दोरी बांधत होती. तिचे केस एवढे पिकले असतील असं मला वाटलं नव्हतं. मला बघून तिने गुडघे टेकले. रिवाजच तो, पण मला नको झालं.

"ऊठ," मी म्हटलं. "मासा आणलाय."

"कशाला, ईयाले?"

"विकायला. कशाला म्हणजे काय?"

"चूल परवाच विकली मी." ती ओढणीला हात पुसत म्हणाली. "खानावळीचं आणि मागच्या खोलीचं, दोन-दोन भाडी झेपेनात. राहतं घर होतं तोवर निभत होतं."

मी खुर्ची सुलटी करून बसले. "माझा मासा तुला परवडत नव्हता."

"नव्हता."

"मग का घेत होतीस? माझ्यावर उपकार म्हणून?"

"उपकार कसले करते मी तुमच्यावर!" ती हसली. पहिल्यांदा हसताना पाहिलं तिला. "रिसी परत आली की मी तिला समोर बसवायची. आज काय जेवलात, काय बोललात, त्यांच्याबद्दल काय सांगितलंत. ते रेडिओवर भांडायचे ते इकडेही भांडायचे, ईयाले. रोज. ते गेल्यावर हे कुणाला सांगू मी? त्यांच्या गाडीच्या हॉर्नकडे कान लावून बसलेल्या अशा आपण दोघीच की. तुम्ही फोन घेत नव्हता. म्हटलं, मासा तर विकतील."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. बाबा टायो उगाच गाडीचं बॉनेट उघडून आत बघत राहिला.

मग मी म्हटलं, "माझ्या घरी चल. चार खोल्या आहेत, एकीत मी असते."

तिने दोरीची गाठ सोडली. "तेव्हा म्हणाला असतात तर धावत आले असते," ती म्हणाली. रागाने नाही. "आता इलोरिनच्या भावाला कळवलंय. त्याने खोली रिकामी केलीय. त्याला नाही म्हटलं तर त्याचा अपमान."

मी उठले आणि खुर्ची परत टेबलावर उलटी ठेवली.

मासे परत नेता येत नव्हते. तीच माझ्याबरोबर बाजारात आली. मोठा मासा कुणी घेईना तर कमरेवर हात ठेवून ओरडली, "माझ्या थोरलीचा मासा आहे! मॅट्रनच्या हातचा! याच्याइतकं स्वच्छ पाणी तुम्ही प्यायलाही नसाल!" आणि घासाघीस अशी केली की मी ऐकत राहिले. भाव बरा मिळाला. बरा म्हणजे बुडण्याइतका वाईट नाही.

खानावळीच्या दाराशी मी गाडीत बसताना तिने परत गुडघे टेकले. मी तिचे खांदे धरले. ते किती बारीक होते.

२२ डिसेंबर

शेवटची टाकी बाजारातल्या बायांना देऊन टाकली, मागतील त्या भावाला. खाद्यवाल्याचं देणं फिटलं. नवी बोटुकली घ्यायला काही उरलं नाही. दर बुधवारी येणारं गिऱ्हाईकही नाही, मग कुणाच्या भरवशावर घेणार?

बाबा टायो म्हणाला, त्याच्या टाकीतली थोडी बोटुकली उसनी देतो. भला माणूस. नको म्हटलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे माझ्याबद्दल इतरांनी म्हणण्याआधी मीच म्हणते. पण येवांदेला दिलेला शब्द आहे, आणि शब्दांच्या बाबतीत या वर्षी मी बरंच शिकले.

टाक्या चुना लावून धुतल्या. उद्या येवांदेचा नवरा गाडी घेऊन येईल.

१९ फेब्रुवारी, लागोस

किती दिवसांनी वही काढली. इथे लिहिण्यासारखं काही घडत नाही. सकाळी मुलांचे डबे, दुपारी शाळेच्या फाटकाशी इतर आज्यांबरोबर उभं राहायचं. खोली छान आहे, पंखा आहे. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. मुलं मला मॅट्रन म्हणून हाक मारत नाहीत, आजी म्हणतात. ते वाईट नाही, पण आजी म्हटल्यावर कुणी ताठ उभं राहत नाही.

आज संध्याकाळी इलोरिनहून बिसोयेचा फोन आला. नंबर ओळखला आणि उचलला.

तिने भावाच्या अंगणात ताडपत्रीच्या दोन टाक्या घातल्यात. पातेली विकून. भाऊ हसतो म्हणे. "ईयाले, बोटुकली सोडून तीन आठवडे झाले. काही मोठी दिसायला लागलीत आणि कालपासून बारकी कमी वाटतात. मी मोजली नव्हती."

"कमी वाटतात काय? मोठी बारक्यांना गिळतायत!" मी एवढ्या जोरात म्हटलं की बाहेर मुलं गप्प झाली. "आजच निवडून वेगळी कर. तीन घमेली घे. आणि खाद्य कुठलं देतेस? पोतं किती किलोला पडतं तुमच्याकडे? ते लिहून ठेव. रोज लिही. माझ्यासारखं नुसतं आपलंच लिहू नकोस, घेणाऱ्याला काय पडतं तेही लिही. आणि ऐक, किलोला टेकले की विकायचे. जो मागेल त्याला. माणूस बघत बसायचं नाही."

"सावकाश, ईयाले, सावकाश. पेन घेते."

ती पेन शोधत होती तेवढ्यात येवांदे दारात आली. हातात पळी, कपाळाला आठ्या. "मम्मी, ओरडतेस काय? कोण आहे फोनवर?"

"तुझी धाकटी आई," मी म्हटलं.

येवांदे तशीच उभी राहिली. तिच्या जन्मापासून हा शब्द माझ्या तोंडून तिने ऐकला नव्हता. पळीतला रस्सा फरशीवर गळत होता. मी तिला हाताने जरा बाजूला हो म्हणून खुणावलं आणि दार लावून घेतलं, कारण बोलणं लांबणार होतं.